घरच्या सिंथला पहिली मॉड्यूल्स जोडताना

एका हाताने सूर धरायचा, दुसऱ्या हाताने फिल्टरचा नॉब फिरवायचा. असं दहा मिनिटं केलं की जाणवतं, आणखी दोन हात हवेत. एलएफओचा, म्हणजे आवाज हलवणाऱ्या सावकाश लहरीचा, वेग हळूहळू वाढवायला एक आणि त्याची खोली कमी-जास्त करायला दुसरा. मॉड्युलर सिंथकडे, म्हणजे सुटी मॉड्यूल्स तारांनी जोडून बनणाऱ्या सिंथकडे, वळण्याचं मला पटणारं कारण हेच आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, पहिल्या केसमध्ये, म्हणजे मॉड्यूल्स बसवायच्या पेटीत, ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारं मॉड्यूल) घेऊ नका. आवाज तुमच्याकडे आहे. आता घ्यायचे आहेत ते हात.

मी उलटं केलं होतं. पहिल्यांदा एक सुंदर, महागडं आवाजाचं मॉड्यूल घेतलं आणि ते कित्येक महिने एकाच सुरात घुमत राहिलं, कारण त्याला हलवायला शेजारी काहीच नव्हतं. पुढे एक साधं व्हीसीए (व्होल्टेजने फिरणारा आवाजाचा नॉब) आणि एक फंक्शन जनरेटर (चढतं-उतरतं व्होल्टेज बनवणारं मॉड्यूल) आला, तेव्हा कुठे ते मॉड्यूल बोलू लागलं. आणि त्या दोघांनी माझ्या जुन्या सिंथचाही कायापालट केला. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

उदाहरणासाठी अनेकांच्या टेबलावर सापडणारा छोटा संच धरू: आर्टुरियाचा मायक्रोब्रूट सिंथ, आर्टुरियाचाच कीस्टेप कीबोर्ड आणि तालासाठी कोर्गची एखादी व्होल्का. तुमची यंत्रं वेगळी असली तरी तपासायच्या गोष्टी त्याच राहतात.

आधी यंत्रांवरची भोकं मोजा

वही घ्या आणि प्रत्येक यंत्रावर कोणकोणते जॅक आहेत ते लिहा. मिडी (सुरांची माहिती आकड्यांत पाठवणारी डिजिटल जोडणी) आणि यूएसबी सोडून द्या. आपल्याला हवेत ते थेट व्होल्टेज घेणारे-देणारे ३.५ मिमीचे छोटे जॅक. मायक्रोब्रूटवर छोटी पॅच-पट्टी आहे: एन्व्हलप (एका सुराचा चढ-उतार ठरवणारं व्होल्टेज) आणि एलएफओ बाहेर येतात, फिल्टर, पिच, पल्सची रुंदी वगैरे गोष्टींना बाहेरून व्होल्टेज देता येतं. कीस्टेपच्या पाठीमागे पिच, गेट (पट्टी दाबलेली आहे की नाही ते सांगणारं) आणि मॉड अशी तीन व्होल्टेज बाहेर पडतात, शिवाय क्लॉक (तालाचे ठोके) आत-बाहेर करण्याचे जॅक आहेत. व्होल्काला सिंक इन आणि सिंक आउट असतं, बाकी फक्त हेडफोनचा आवाज.

मिडी आलं १९८३ च्या सुमारास. त्याआधी यंत्रं एकमेकांशी बोलत ती अशाच तारांतून. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रागांवर जे रेकॉर्डिंग केलं, त्यात वापरलेल्या रोलँडच्या टीबी-३०३ या बास-सिंथवरही सीव्ही (नियंत्रणाचं व्होल्टेज) आणि गेटचे जॅक होते. आपण आज जोडतोय ती तार त्याच जमान्यातली आहे, म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र आजच्या मॉड्यूलशी बोलू शकतं.

इथे एक गोष्ट नक्की तपासा. बहुतेक यंत्रं दर सप्तकाला एक व्होल्ट हे माप पाळतात, म्हणजे एका सेमीटोनला साधारण ०.०८३ व्होल्ट. पण सगळी नाही. कोर्गचा एमएस-२० मिनी हर्ट्झ-प्रति-व्होल्ट पद्धतीने चालतो आणि त्याचा गेटही उलट्या प्रकारचा आहे. अशा यंत्राला साधी पिचची तार लावली तर सूर भलतीकडेच जातात. कीस्टेपच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पद्धती निवडता येतात, तेव्हा तार लावण्याआधी तिथलं सेटिंग पाहून घ्या.

ज्या सिंथवर असा एकही जॅक नाही, त्याचाही आवाज बाहेर काढून मॉड्यूल्समधून फिरवता येतो. खाली तिसरा पॅच (तारांची जोडणी) त्यासाठीच आहे.

युरोरॅकची मोजमापं

छोट्या मॉड्यूल्सचं आज सर्वाधिक चालणारं माप म्हणजे युरोरॅक. म्युनिकजवळच्या डीटर डोप्फर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात ए-१०० ही मालिका काढली आणि पुढे शेकडो उत्पादकांनी तेच माप उचललं. पॅनेलची उंची ३यू, म्हणजे १२८.५ मिमी. रुंदी मोजतात एचपीमध्ये. १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी. ८४ एचपीची एक ओळ ४३ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे साध्या अभ्यासाच्या टेबलावर कीबोर्डच्या मागे आरामात बसते.

पहिली केस मी ८४ एचपीचीच सुचवेन. त्याहून लहान केस दोन महिन्यांत अपुरी पडते. दोन ओळींची मोठी केस घेतली तर मोकळी जागा सतत खुणावते आणि नको ती खरेदी होते.

केस घेताना खोली विचारा. उथळ केसमध्ये काही जाड मॉड्यूल्स बसत नाहीत आणि मागची विजेची रिबन केबलही दोनेक सेंटिमीटर जागा खाते. रेलमध्ये सरकत्या नट असतील तर मॉड्यूल हवं तिथे बसवता येतं, मात्र प्रत्येक स्क्रू लावताना नट जागेवर धरावी लागते. आटे पाडलेली पट्टी असेल तर काम पटकन होतं.

वीज: इथे घाई नको

युरोरॅकच्या केसमध्ये +१२ आणि −१२ व्होल्ट लागतात, काही मॉड्यूल्सना +५ सुद्धा. प्रत्येक मॉड्यूल यातल्या प्रत्येक व्होल्टेजवर किती मिलिअँपिअर ओढतं, ते उत्पादकाच्या माहितीत दिलेलं असतं. प्रत्येक व्होल्टेजची बेरीज वेगवेगळी करा आणि केसची क्षमता त्याहून किमान तीस टक्के जास्त ठेवा. मॉड्युलरग्रिड या संकेतस्थळावर आपली केस आधी कागदावर मांडल्यासारखी मांडता येते. रुंदी आणि वीज दोन्हींची बेरीज तिथे आपोआप मिळते. खरेदीपूर्वी हे केलंच पाहिजे.

मॉड्यूल बसवताना हा क्रम पाळा. केसचा स्विच बंद. अडॅप्टरची पिन केसमधून काढलेली. रिबन केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती −१२ व्होल्टची बाजू. मॉड्यूलच्या मागे कुठे रेघ, कुठे «−१२», कुठे «लाल» अशी खूण असते. लाल कडा त्या बाजूला. केसमधल्या विजेच्या पट्टीवरही तशीच खूण पाहा. काही मॉड्यूल्सची मांडणी नेहमीपेक्षा उलट असते, तेव्हा सवयीवर जाऊ नका, प्रत्येक वेळी छापलेलं वाचा. उलटी केबल लागली तर मॉड्यूल जळू शकतं. सगळं लावून झालं की स्क्रू घट्ट करण्याआधी एकदा सुरू करून पाहा. दिवे लागले नाहीत किंवा जळका वास आला, तर लगेच बंद.

केसचा अडॅप्टर परदेशातून येत असेल तर त्यावरचा आकडा वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर चालतो. फक्त ११० किंवा १२० लिहिलेला अडॅप्टर इथल्या प्लगमध्ये लावायचा नाही.

घरघर हा आपल्याकडचा हमखास त्रास. जुन्या इमारतींत अर्थिंग कच्चं असतं. सगळी यंत्रं एकाच स्पाइक बस्टरवर घ्या आणि कीस्टेपला लॅपटॉपच्या यूएसबीवर न चालवता फोनच्या स्वतंत्र चार्जरवर चालवून पाहा. लॅपटॉपमधली चिरचिर यूएसबीच्या जमिनीतून (ग्राउंडच्या तारेतून) पिचच्या व्होल्टेजपर्यंत पोचते आणि सूर अगदी बारीक थरथरतो. अनेकदा एवढ्या एका बदलाने ती थांबते.

तीन मॉड्यूल्स, ४० एचपी

पहिलं, व्हीसीए, आणि तेही एकापेक्षा जास्त. व्हीसीए म्हणजे आवाजाचा नॉब, जो माणसाच्या बोटांऐवजी व्होल्टेज फिरवतं, अशी ओळख सगळे करून देतात. ती खरी आहे, पण अर्धी. व्हीसीएतून आवाजाऐवजी दुसरं व्होल्टेज पाठवलं की मॉड्युलरची खरी मजा सुरू होते: एलएफओ किती खोल चालावा हे आता दुसरा एलएफओ ठरवतो. यासाठी व्हीसीए डीसी-कपल्ड असायला हवं, नाहीतर सावकाश बदलणारं व्होल्टेज त्यातून जातच नाही. इंटेलिजेलचं क्वाड व्हीसीए १२ एचपीमध्ये चार देतं आणि मिक्सरचंही काम करतं: ज्या चॅनेलच्या आउटला तार नाही, त्याचा सिग्नल पुढच्या आउटमध्ये मिसळतो. छोट्या केससाठी ही मोठीच सोय.

दुसरं, मेक नॉइजचं मॅथ्स, २० एचपी. पहिल्यांदा पाहताना पॅनेल गोंधळात टाकतं, म्हणून सोपं करून सांगतो. डावीकडचा एक आणि उजवीकडचा चार हे दोन चॅनेल चढतात आणि उतरतात. चढायला किती वेळ आणि उतरायला किती, हे दोन नॉब ठरवतात. सायकलचं बटण दाबलं की ते पुन्हा पुन्हा चढत-उतरत राहतात, म्हणजे झाला एलएफओ. ट्रिगर (एक छोटा ठोका) दिला की एकदाच चढून उतरतात, म्हणजे झालं एन्व्हलप. आणि सिग्नल इनमध्ये दुसरं व्होल्टेज घातलं तर त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करतात. मधले दोन आणि तीन हे चॅनेल व्होल्टेज लहान करतात किंवा उलटं फिरवतात. त्यांना काहीच जोडलं नाही, तर ते स्थिर व्होल्टेज देतात. शेवटी सगळ्यांची बेरीज सम या आउटमधून मिळते. बेरीज, वजाबाकी, उतार: शाळेतल्या गणिताच्या या क्रिया इथे कानांनी ऐकू येतात.

तिसरं, बाहेरचा आवाज आत आणणारं मॉड्यूल. डोप्फरचं ए-११९, ८ एचपी. हे बाहेरच्या आवाजाची पातळी वाढवतं, आवाजाच्या चढ-उताराचं व्होल्टेज बनवतं आणि आवाज एका मर्यादेपलीकडे गेला की गेट देतं. सिंथ, व्होल्का, इतकंच काय, पुढे मायक्रोफोन लावून तबलासुद्धा केसशी बोलू शकतो. माझ्या मते हे मॉड्यूल विनाकारण दुर्लक्षित राहतं.

बेरीज झाली ४० एचपी. उरलेले ४४ सध्या मोकळे राहू द्या आणि उघड्या भागावर कोरी पॅनेल्स लावा. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर किंवा तारेचं टोक आत पडून शॉर्ट होत नाही.

केबल्स ३.५ मिमीच्या मोनो घ्या, वेगवेगळ्या लांबीच्या दहा-बारा. मोठ्या जॅकच्या सिंथसाठी एका टोकाला मोठी आणि दुसऱ्या टोकाला छोटी पिन असलेल्या तीन-चार. मोनो पिन स्टिरिओ हेडफोनच्या जॅकमध्ये घालू नका, कारण त्याने एक बाजू जमिनीला शॉर्ट होते. व्होल्काच्या हेडफोन आउटसाठी स्टिरिओ पिनची, दोन वेगळ्या मोनो टोकांत फुटणारी केबल वापरा आणि त्यातलं एकच टोक लावा.

पातळीचा हिशेब

घरगुती लाइन लेव्हलचा, म्हणजे सिंथसारख्या यंत्राच्या आउटमधून येणारा, सिग्नल टोकापासून टोकापर्यंत जेमतेम एक व्होल्ट असतो. युरोरॅकमधला आवाज साधारण दहा व्होल्ट. म्हणजे दहापट, अर्थात २० डेसिबलचा फरक. सिंथचा आवाज थेट केसमध्ये घातला तर मलूल वाटतो. म्हणूनच ए-११९ सारखा प्रीअँप लागतो.

उलट बाजूने काय होतं? दहा व्होल्टांचा सिग्नल म्हणजे सुमारे +१३ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक). अनेक ऑडिओ इंटरफेसच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटला हे गेन शेवटपर्यंत उतरवल्यावर झेपतं. मायक्रोफोन किंवा गिटारच्या इनपुटमध्ये मात्र आवाज फाटतो. वेगळं आउटपुट मॉड्यूल सुरुवातीला नसलं तरी चालेल. शेवटच्या व्हीसीएचा नॉब खाली ठेवा आणि तिथूनच बाहेर पडा. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत एन्व्हलप किंवा एलएफओ चुकूनही जाणार नाही हे पाहा, कारण स्थिर व्होल्टेज स्पीकरला मानवत नाही. पॅच बदलताना स्पीकरचा आवाज बंद ठेवायची सवय लावून घ्या.

पहिला पॅच: श्वास घेणारा फिल्टर

१. मायक्रोब्रूटवर एक सूर धरून ठेवा, फिल्टरचा कटऑफ (जिथपर्यंतचा आवाज तो सोडतो ती मर्यादा) बराच खाली. मॅथ्सची फंक्शन्स शून्याच्या वरच चालतात, म्हणजे फिल्टर फक्त वर उघडणार आहे.

२. मॅथ्सच्या चार नंबरच्या चॅनेलचं सायकल सुरू करा, सेकंदाला तीन-चार फेऱ्यांच्या वेगाने. त्याचं युनिटी आउट (पूर्ण पातळीचं आउट) व्हीसीएच्या पहिल्या चॅनेलच्या इनमध्ये.

३. व्हीसीएचं आउट मायक्रोब्रूटच्या फिल्टर जॅकमध्ये. व्हीसीएची लेव्हल उघडा: फिल्टर वाव-वाव करू लागेल. हे तर तुमचा सिंथ आधीही करत होता.

४. आता लेव्हल पूर्ण खाली आणा. मॅथ्सच्या एक नंबरचं सायकल अतिशय सावकाश सुरू करा, एका फेरीला दहा-बारा सेकंद. त्याचं युनिटी आउट व्हीसीएच्या सीव्ही इनमध्ये, सीव्हीचा नॉब अर्ध्यावर.

फिल्टर शांत असतो, मग थरथर उगवते, वाढते, विरते. एक नंबरचा चढ लांब आणि उतार आखूड केला तर थरथर साचत साचत जाते आणि अचानक तुटते. याच पॅचवर एक अख्खी संध्याकाळ घालवा.

दुसरा पॅच: मींड

यासाठीच मला मॅथ्स इतकं प्रिय आहे. सिंथवरचा ग्लाइड हा बहुधा एकच नॉब असतो. वर जाताना आणि खाली येताना सूर सारख्याच वेळात सरकतो. गळा तसं करत नाही.

कीस्टेपचं पिच आउट मॅथ्सच्या एक नंबरच्या सिग्नल इनमध्ये घाला, सायकल बंद. युनिटी आउट मायक्रोब्रूटच्या पिच जॅकमध्ये. कीस्टेपचं गेट मायक्रोब्रूटच्या गेट इनमध्ये. आता चढीचा नॉब थोडा उघडा, उताराचा शून्यावर: आरोहात सूर ओढून येतो, अवरोहात थेट उतरतो. मग उलट करून पाहा. शेजारचा नॉब त्या ओढीचा बाक बदलतो. एका टोकाला सूर सुरुवातीला झपाट्याने निघतो आणि जागेवर पोचताना रेंगाळतो, दुसऱ्या टोकाला आधी रेंगाळून शेवटी झेपावतो. ग वरून प वर जाताना या दोन बाकांत किती फरक पडतो, ते कानांनीच ठरवा. पिच जॅकवरचं व्होल्टेज सिंथच्या स्वतःच्या सुरात मिळवलं जातं, म्हणून मायक्रोब्रूटवरची शेवटची पट्टी कोणती दाबली होती ते लक्षात ठेवा आणि षड्ज पुन्हा लावून घ्या.

पिचची तार दोन ठिकाणी न्यायची वेळ आली तर जपून. एक किलोओहमचं आउट शंभर किलोओहमच्या इनला जोडलं की व्होल्टेज जवळपास एक टक्का उतरतं. दुसरी तार लावली की आणखी एक टक्का. तीन व्होल्टांवर एक टक्का म्हणजे ०.०३ व्होल्ट, सेमीटोनच्या एक तृतीयांशाहून जास्त. एका यंत्राशी सूर जुळवून ठेवावा आणि दुसरी केबल लावताच पहिलं बेसूर व्हावं, यामागे हेच असतं. पिचसाठी बफर्ड मल्टिपल (व्होल्टेज न उतरवता ते अनेक ठिकाणी देणारं मॉड्यूल) घ्या. गेट, क्लॉक आणि एलएफओसाठी साधा फाटा पुरतो.

तिसरा पॅच: तालाने दबणारा सूर

व्होल्काचा फक्त किक वाजत ठेवा आणि तिचा आवाज ए-११९ मध्ये न्या. त्याचं एन्व्हलप आउट मॅथ्सच्या एक नंबरच्या सिग्नल इनमध्ये: चढ शून्यावर, उतार थोडा लांब. एक नंबरचा मधला नॉब बारा वाजण्याच्या डावीकडे, म्हणजे एन्व्हलप उलटं. तीन नंबरला काहीच न जोडता त्याचा नॉब उजवीकडे, म्हणजे स्थिर व्होल्टेज. दोन आणि चारचे नॉब बरोबर बारावर, नाहीतर तेही बेरजेत शिरतात. सम आउट व्हीसीएच्या सीव्हीत, आणि त्याच व्हीसीएतून मायक्रोब्रूटचा आवाज. किक पडला की सूर खाली दबतो आणि हळूच वर येतो. ए-११९ च्या गेटने याच वेळी चार नंबरचं एन्व्हलप ट्रिगर करून फिल्टरलाही लावता येतं.

क्लॉकचा गोंधळ इथेच होतो. व्होल्का दर दोन पायऱ्यांना एक ठोका देते, म्हणजे एका मात्रेत दोन. कीस्टेपचं क्लॉक सेटिंग कोर्गवर ठेवलं की दोघं जुळतात. मात्रेला २४ किंवा ४८ ठोक्यांवर राहिलं तर एक यंत्र वेड्यासारखं धावतं.

खरेदीआधी

पैसे खर्च करण्यापूर्वी महिनाभर व्हीसीव्ही रॅक वापरा. हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं आणि वरचे पॅच त्यातल्या व्हीसीए आणि फंक्शन जनरेटरवर बसवता येतात. कोणतं मॉड्यूल आपण खरोखर रोज उघडतो, ते तिथे कळतं.

बाहेरून मागवताना सीमाशुल्काचा हिशेब मालाच्या किमतीवर थांबत नाही, वाहतूक आणि विमाही त्यात धरतात. त्यामुळे एकेक मॉड्यूल मागवण्यापेक्षा केस आणि दोन मॉड्यूल्स एकत्र आणलेली बरी. सेकंडहँड घेताना विक्रेत्याकडून मॉड्यूलच्या पाठीचा फोटो आणि चालू अवस्थेतला व्हिडिओ मागा, मूळ रिबन केबल सोबत आहे का ते विचारा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात, केसवर झाकण आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दमट हवेत जॅकचे संपर्क खराब होऊन खरखरू लागतात.

आणि ऑसिलेटर? घ्या, पण चौथा. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं प्लेट्स १२ एचपीचं आहे. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली असली तरी रचना खुल्या असल्याने इतरांनी बनवलेल्या आवृत्त्या मिळतात. की दोन साधे अ‍ॅनालॉग ऑसिलेटर? माझा कौल दोन साध्यांना. एक षड्जावर ठेवा, दुसरा पंचमावर, ट्यूनर बंद करून. दोघांच्या घर्षणातून येणारी लहर ऐकत नॉब इतका हळू फिरवा की ती लांबत लांबत थांबेल. तो पंचम कीबोर्डच्या पंचमापेक्षा दोन सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा, ३:२ चा, तानपुऱ्याचा असेल. मग त्यावर मींडेचा पॅच लावून वाजवा.